रिकाम्या गाडीची उंची

रिकामी गाडी उडते, भरलेली गाडी चालते. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडच्या माणसाला हे कुणी शिकवत नाही. पाठीच्या मणक्यांना ते आपोआप कळतं. लहानपणी थोरल्या काकांच्या गाडीतून गवत घेऊन मुंबईला जाताना आम्ही पोरं गासड्यांवर उताणी पडून चक्क झोपायचो. खड्डा आला की गाडी जराशी खाली बसायची, सावकाश वर यायची. परत येताना तीच गाडी, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर. पण हौद्याची दांडी दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागे, आणि बोलायला तोंड उघडलं तर जीभ चावली जाई. आसनगाव स्टेशनाबाहेरची वडापची जीप ठासून भरल्याखेरीज हलत नसे, तेव्हा आम्ही ड्रायव्हरच्या हावरेपणाला नावं ठेवायचो. त्यात हाव होतीच. पण दहा माणसं जास्त बसली की सगळ्यांचाच प्रवास मऊ होतो, हेही खरं होतं. कोंबलेल्या माणसांना तेवढाच दिलासा.

काकांची गाडी म्हणजे महिंद्राची एफसी. तिला नाक नाही. पुढचा चेहरा सपाट, काच उभी, आणि ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकांवरच बसलेला. इंजिन दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. थंडीच्या पहाटे त्या झाकणावर हात शेकायला भांडणं व्हायची, आणि मे महिन्यात त्याच्या शेजारी कुणी बसायला तयार नसे. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, 1957 सालची. जीपच्या चासीवर केबिन पुढे सरकवून मागे हौद्याला जागा काढायची, ही कल्पना. आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझाइनरचा. तिकडे ती फार काळ चालली नाही, 1965 च्या सुमारास बंदच झाली. महिंद्रांनी मात्र त्याच सुमाराला ती आपल्याकडे बनवायला घेतली, आणि तिकडे नाकारलेली ही नकटी गाडी इकडे दूधवाले, वखारवाले, वीज मंडळ, लष्कर अशा सगळ्यांची झाली.

जुन्या पिकअपचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेची चित्रं येतात. पण मुंबईचाही या गाड्यांशी चांगला जुना संबंध आहे. जनरल मोटर्सने शिवडीला 1928 मध्ये शेवरोलेची जुळणी सुरू केली होती, ती 1954 पर्यंत चालली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गोचे ट्रक जुळवले. माझगावात महिंद्रांच्या जीपा जुळत होत्या. या गाड्या आग्रा रोडने घाट चढल्या, काही वाटेत शहापूर-मुरबाडच्या वखारींत अडकल्या आणि इथल्याच झाल्या. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायचं, वाळवायचं, वखारीत दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा इथला मोठा धंदा होता. मुंबईला पाणी आमच्या तानसा-भातसाचं, म्हशींना चारा आमच्या माळांचा. बदल्यात रस्ता मिळाला तो असा खड्ड्यांचा.

काका गेल्यावर गाडी गोठ्याच्या पडवीत उभी राहिली. कोंबड्या हौद्यात अंडी घालू लागल्या. आता ती पुन्हा चालती करायची, असं मी मनावर घेतलं आहे. इंजिनाचं नंतर बघू. मिस्त्रीचं म्हणणं, ते मेलेलं नाही, नुसतं रुसलंय. आधी प्रश्न पायांचा. गाडी कशावर उभी राहणार, किती उंच, आणि कुठल्या चाकांवर.

पुतण्याचं उत्तर तयार होतं. "काका, एअर सस्पेन्शन टाकू. बटण दाबलं की गाडी जमिनीला टेकणार. आणि वीस इंची अलॉय." त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. पन्नासेक सालची एक शेवरोले पिकअप, पोट रस्त्याला लागलेलं, चाकं अर्धी मडगार्डात गेलेली. सुंदर दिसत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाडी जमिनीजवळ आली की तिच्यात एक प्रकारचा माज येतो. पण डोळखांबच्या रस्त्यावर ती चालवायची म्हणजे पुढे खोऱ्यावाला माणूस धावता ठेवावा लागेल.

या माजाची गोष्ट मजेची आहे. कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वस्त्यांमधली पोरं जुन्या गाड्या मुद्दाम खाली बसवून, अगदी सावकाश फिरवायची. 1958 साली तिथे कायदा लागू झाला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली असता कामा नये. दुसऱ्याच वर्षी रॉन अगिर्रे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. गाडीची उंची चालता-चालता बदलण्याची हौस पुढे फोफावली ती अशी कायद्याला चुकवण्यातून. एअर सस्पेन्शनचे हवेचे फुगे त्या हौसेत बऱ्याच नंतर आले. मोठ्या कंपन्यांनी मात्र हवा आधीच करून पाहिली होती. कॅडिलॅकने 1957 च्या एल्डोराडो ब्रोहॅमला चारही चाकांवर हवेचे फुगे दिले. ते गळायचे, रात्री गाडी बसून राहायची, आणि वैतागलेल्या मालकांनी फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. एवढ्या महागड्या गाडीची ही कथा ऐकली तरी पुतण्याचं मत काही बदललं नाही.

हवेला मी नावं ठेवत नाही. दादरहून शिवनेरीने पुण्याला गेलेल्या माणसाला हवेचा गुण सांगावा लागत नाही. त्या बसखाली लोखंडी पाट्यांच्या कमानी नाहीत, फुगे आहेत, आणि तिथे हवा जे काम करते ते लोखंडाला साधत नाही. कमान एका ठरलेल्या वजनासाठी घडवलेली असते. टनभर माल उचलायची कमान रिकाम्या गाडीला फार कडक पडते. म्हणून गाडी उडते. फुग्याचं तसं नाही. भार वाढला की व्हॉल्व जास्त हवा आत सोडतो, उंची तेवढीच राहते, आणि दाबाबरोबर कडकपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे बस भरलेली असो की रिकामी, ती एकाच लयीत डुलते. आमच्या लहानपणी जाताना आणि येताना जो फरक होता तो या एका गोष्टीने मिटला असता.

हिशेबही सोपा आहे. सहा इंच व्यासाचा फुगा घेतला तर त्याचं तोंड साधारण 28 चौरस इंचांचं. त्यात 50 पौंडांची हवा भरली, म्हणजे दर चौरस इंचाला 50 पौंड, की तो 1400 पौंड तोलतो; किलोत साधारण 640. असे दोन फुगे मागच्या धुऱ्यावर ठेवले तर काकांची गाडी गवताने शिगोशीग भरली तरी कुरकुरणार नाही. ट्रकच्या टायरात याहून जास्त हवा असते. कागदावर हे मांडल्यावर माझाच मोह वाढला.

मिस्त्रीने तो मोडला. तो शहापूरचा, एसटीच्या वर्कशॉपात उमेदवारी केलेला, आणि बोलताना पान्ह्याने जमिनीवर आकृत्या काढणारा. म्हणाला, "भाऊ, फुगा वजन उचलतो, पण धुरा धरून नाय ठेवत. त्याला कोण धरंल? तुम्ही?"

कमानीची अर्धी नोकरी माझ्या लक्षातच आली नव्हती. कमान नुसता भार घेत नाही. धुरा पुढे-मागे सरकू देत नाही, डाव्या-उजव्या बाजूला जाऊ देत नाही, ब्रेक मारला की धुऱ्याला गरकन फिरू देत नाही. लोखंडी पाट्यांच्या एका जोडणीत तीन-चार कामं बसवलेली आहेत. ती काढून फुगा बसवायचा तर प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवावा लागतो: चार दांड्या धुरा धरायला, एक आडवी दांडी तो बाजूला जाऊ नये म्हणून, प्रत्येक दांडीला बुश, प्रत्येक बुशला पिन. आणि गाडी खरंच जमिनीला टेकवायची तर धुऱ्याला वर जायला जागा हवी, म्हणजे चासीचा तुळईसारखा भाग अर्धगोल कापायचा आणि वरून नवा लोखंडी पूल जोडायचा. हे वेल्डिंग चुकलं तर गाडी मालासकट दुमडते. हे सांगताना मिस्त्री आवाज चढवत नाही, नुसता पान्हा खाली ठेवतो.

मग आम्ही दोघं मागची कमान उतरवून हायवेवरच्या कमानवाल्याकडे गेलो. यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. ते कापावेच लागले. सेंटर बोल्ट निघाल्यावर पाटे सुटे झाले आणि कमानवाल्याने ते गोणपाटावर मांडले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत भावंडं फोटोला उभी राहावीत तसे. सगळ्यात लांब तो मेन पाटा, दोन्ही टोकांना बुशसाठी वळवलेला. त्याच्याखालचे एकेक आखूड होत गेलेले. प्रत्येक पाट्याच्या पोटाला, खालच्या पाट्याचं टोक जिथे घासत आलं होतं तिथे, बोटाने कळेल असा खळगा पडला होता. तपकिरी भुगा, त्यात जुन्या ग्रीसचा काळा थर, आणि एका पाट्याला केसाएवढी चीर. कमानवाल्याने ती नखाने दाखवली. म्हणाला, हा पाटा बाद. बाकीचे मारून देतो.

कमान मारणं हे बघण्यासारखं काम आहे. पाटा तापवत नाहीत. थंडच ऐरणीवर धरतात आणि इंच-इंच पुढे सरकवत हातोडा मारतात. पाटा आपला बाक विसरलेला असतो, त्याला तो पुन्हा शिकवायचा. मापाला त्याच्याकडे एक पत्र्याचा साचा होता, पण तो साच्याकडे फार बघत नव्हता. आवाज ऐकत होता. आधी बसका, मग हळूहळू खणखणीत. मधेच थांबून त्याने पाटा साच्याला लावला तर दोन्हींच्या मधून उजेड दिसेना. मग पाट्यांमध्ये ग्राफाइटचं ग्रीस भरलं, सेंटर बोल्ट घातला, शिकंज्यात आवळून क्लिपा मारल्या. मला त्या मजुरीत आणि एअर सस्पेन्शनच्या कोटेशनमध्ये तुलना करण्याची लाज वाटली. पैशांचा भाग वेगळा. तो माणूस जे करत होता ते या भागात कुठल्याही गावी करून मिळतं.

फुग्यांचं तसं नाही. इथे पावसाळा चार महिने कोसळतो. कॉम्प्रेसर हवा ओढतो तेव्हा हवेबरोबर दमटपणाही टाकीत येतो, टाकीत पाणी साचतं, ते व्हॉल्वमध्ये जाऊन बसतं. ड्रायर लावा, टाकीचा कॉक रोज उघडा, एवढं सगळं. रस्त्यावरची खडी फुग्याच्या रबरावर उडते. गोठ्यातले उंदीर पातळ पाइप सोडत नाहीत. आणि डेहण्याच्या वाटेवर, आजोबाचा डोंगर समोर दिसत असताना, रात्री आठला एखादं सील गेलं तर गाडी बसली ती बसली. तिला उठवायला मुंबईहून माणूस यावा लागेल. घाटघरच्या वीजप्रकल्पासाठी चोंढ्यापर्यंत अवजड यंत्रं याच बाजूने गेली, त्यांना रस्ता सापडला. पण रात्री आठला सील कुणाला सापडणार?

चाकांच्या बाबतीत मात्र माझं मत पहिल्यापासून ठाम होतं. चाकाचं मी लहानपणीच पाहिलं आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असायची तेव्हा लोहार शेणींचा गोल रचून त्यात लोखंडाची पट्टी तापवायचा. धाव चाकापेक्षा थोडी लहान घडवलेली. तापून फुगली की लाल असतानाच चिमट्यांनी उचलून लाकडी घेरावर बसवायची, घण घालायचे, आणि लगेच पाणी. लाकूड पेटायला लागायचं, वाफेचा लोट उठायचा, आणि धाव आवळताना तुंब्यातल्या आऱ्यांचे सांधे एकेक करत कर्र वाजायचे. तसं चाक वर्षानुवर्षं सैल पडत नसे. म्हशाच्या यात्रेत, पौष पौर्णिमेला, बैल घेणारे लोक गाड्या बघायचे तेव्हा चाकाला हाताने हलवून आवाज ऐकायचे. पण त्या गाडीला स्प्रिंग नव्हती, रबर नव्हतं; सगळा दणका बैलाच्या मानेवर आणि माणसाच्या पाठीवर. मग टायरची गाडी आली आणि बैलांचं ओझं हलकं झालं. हवेचा पहिला उपकार इथल्या बैलांवर झाला, आणि तो कमानीतून नव्हे, टायरातून झाला.

म्हणून टायरातली हवा मला जास्त महत्त्वाची वाटते. सात-शून्य-शून्य सोळाचा टायर घेतला तर तो साडेतीस इंचांच्या आसपास उंच. त्यातले सोळा इंच डिस्कचे गेले; उरली दोन्ही बाजूंना सव्वासात इंचाची रबराची भिंत. खडी, दगड, मोरीची कडा या भिंतीत जिरते. पुतण्याची वीस इंची चाकं तेवढ्याच उंचीच्या टायरात बसवली तर भिंत उरते सव्वापाच इंच. दोन इंच रबर कमी केलं आणि मग तेवढा मऊपणा विकत आणायला फुगे बसवले, असा हा व्यवहार होतो. शिवाय सोळा इंची टायर हलक्या मालवाहू गाड्यांना अजून लागतात, शहापूरला किंवा किन्हवली-सरळगाववरून मुरबाडला गेलं तरी मिळून जातात, आणि कुठलाही पंक्चरवाला ट्यूब काढून पॅच मारतो.

अलॉय पाहिजेत म्हणून बाहेर जास्त निघणाऱ्या डिस्क लावायच्या, गाडी रुंद दिसायला, हाही पुतण्याचा एक हट्ट. अशा डिस्कने बेअरिंगवर वजन आडवं पडतं, स्टेअरिंग जड होतं, आणि चिखल थेट दारांवर उडतो. या गाडीचं माप पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या घेरावर. विलीजचं हे माप महिंद्रांच्या पुढच्या जीपांनीही चालवलं, म्हणून जुन्या डिस्क अजून सापडतात. पोलादी डिस्क वाकली तर हातोड्याने सरळ होते. अलॉय तडकली की भंगार.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीच्या मूळ नोंदीतल्या गोष्टी परस्पर बदलता येत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे अधिक कडक करून सांगितलं. चासी कापणं त्यात कुठे बसणार? पुतण्याने दुसरा मार्ग काढला: 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मिळते, पण तिच्या अटी वाचल्यावर माझा उत्साह गेला. गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको, आणि ती प्रदर्शन किंवा रॅलीसाठी बाहेर काढायची. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच. जी गाडी जन्मभर गवत वाहत आली, तिला पुसून-पासून वर्षातून एकदा मैदानात उभी करायची, ही कल्पना मला सोसत नाही.

आता आमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला, आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता पूर्ण झाला. त्या रस्त्यावर पुतण्याची पिकअप शोभेल. तिथून उतरून डोळखांबकडे वळलं की पुन्हा मोऱ्या, खडी, बैल, भाताचे भारे घेऊन चाललेल्या बाया. एकाच तालुक्यात हे दोन रस्ते आहेत, आणि गाडीची उंची दोन्हींना विचारून ठरवायची म्हटलं तर पहिला काहीच मागत नाही. सगळं दुसराच मागतो.

तेव्हा ठरलं ते असं. पुढच्या कमानी आहेत तशाच, मारून, नवे बुश घालून. मागच्या कमानीतला चिरलेला पाटा आणि त्याच्या खालचा एक, असे दोन कमी; म्हणजे रिकामी गाडी थोडी मऊ होईल. गेलेल्या दोन पाट्यांचं काम दोन छोटे मदतनीस फुगे करतील, धुरा आणि चासीच्या मधे, नटबोल्टांवर बसवलेले; कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. धुरा धरायला कमान आहेच. कॉम्प्रेसर नाही, टाकी नाही. प्रत्येक फुग्याला ट्यूबसारखा वेगळा व्हॉल्व, मागच्या फळीखाली. वेगळा अशासाठी की वळणावर एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळू नये. माल भरला की पंक्चरवाल्याकडे पाच मिनिटं थांबून हवा भरायची, उतरवला की थोडी सोडायची, पण पार रिकामा फुगा कधी चालवायचा नाही, नाहीतर त्याच्या घड्या चेपून फाटतात. सायलेन्सरपासून चार बोटं दूर. चाकं सोळा इंची, पोलादी, राखाडी रंगाची. पुतण्याला हा निकाल फारसा आवडलेला नाही. त्याला राखाडीऐवजी काळा रंग हवा होता. तेवढं मी मान्य केलं.

एक अडचण उरली आहे. सोळा इंची, पाच बोल्टांच्या मूळ डिस्क मला तीनच सापडल्यात, आणि स्टेपनी धरून पाच लागतात. शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हारकडे कुणाच्या गोठ्यामागे, वखारीत किंवा पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून अशी एखादी पडली असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी डोळखांबला निरोप धाडा. वाकलेली असली तरी चालेल.